एक दिवस काळ्या पाषाणात

बी. ए. भाग २

ज्वालामुखी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शाळेच्या पुस्तकातले चित्र उभे राहते. टोकाला भोक असलेला डोंगर, त्यातून निघणारा धूर आणि उतारावरून वाहणारा लाल रस. हे चित्र मनात इतके पक्के बसलेले असते की वर्धा जिल्हा हा ज्वालामुखीचा प्रदेश आहे असे कोणी म्हटले तर आपल्याला हसू येते. प्रथम वर्षाला असताना आम्ही असेच हसलो होतो. भूगोलाच्या सरांनी विचारले होते, "आपल्या जिल्ह्यात ज्वालामुखी कुठे आहे?" वर्गात कोणी बोलेना. तेव्हा सर म्हणाले, "तुमच्या बाकाखाली."

सरांचे म्हणणे खरे होते. हिंगणघाटच्या ज्या काळ्या मातीतल्या कापसाचे नाव एकेकाळी विलायतेपर्यंत पोचले होते, ती माती म्हणजे झिजून चूर झालेला लाव्हाच होय. आमच्या घराचा पाया, गावच्या विहिरीचे बांधकाम, रस्त्यावरची गिट्टी, आजीचा पाटा आणि वरवंटा, हे सगळे त्याच काळ्या पाषाणाचे. शास्त्रीय भाषेत त्याला बेसाल्ट म्हणतात. महाराष्ट्राचा पाच भागांपैकी जवळजवळ चार भाग भूभाग या खडकाने झाकलेला आहे, आणि दख्खनच्या पठारावरील त्याचे आजचे एकूण क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरते. हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला.

तरीही एक प्रश्न उरतोच. एवढा लाव्हा ओकणारा तो डोंगर गेला कुठे? द्वितीय वर्षाच्या सहलीला निघताना माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी हाच प्रश्न लिहिला होता. दुसरा एक प्रश्न होता, तो मी लिहिला नव्हता. तो आमच्या शेतातल्या विहिरीचा होता.

गेल्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी, आमच्या भूगोल विभागाने एस. टी.ची बस प्रासंगिक करारावर घेतली. पहाटे चार वाजता हिंगणघाटहून निघायचे, शिबला-पारडीचे दगडी खांब, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आणि पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा पाहायचा, आणि रात्री परत यायचे असा बेत होता. एका दिवसात हे जरा जास्तच होते हे आता कबूल करायला हरकत नाही. पण मुक्कामाचा खर्च वर्गणीत बसत नव्हता आणि आमच्यापैकी कित्येक मुलींना घरून मुक्कामाची परवानगीही मिळाली नसती.

वडनेर मागे पडले, वर्धा नदीचा पूल आला. पुलावर अंधार होता. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो, एवढे सरांनी सांगितले आणि सारे पुन्हा झोपले. मला मात्र झोप येईना. माझे गाव समुद्रपूर तालुक्यात, गिरडपासून दोन कोसांवर. गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. तेथे हिंदू आणि मुसलमान दोघेही जातात. त्या टेकडीवर गोल, गुळगुळीत, आतून पांढरे असे दगड सापडतात. आमच्या आजीने त्यातले तीन देवळीत ठेवले आहेत. त्यांची कथा तिने मला किती वेळा सांगितली असेल याला गणती नाही. दोन व्यापारी माल घेऊन टेकडीखालून चालले होते. त्यांनी बाबांची टवाळी केली. बाबांनी त्यांच्या गोण्यांतील नारळ-सुपाऱ्यांचा दगड करून टाकला. व्यापारी पाया पडले, तेव्हा बाबांनी वाळक्या पानांपासून नवा माल करून दिला. मग व्यापारी व्यापार सोडून बाबांच्याच सेवेला राहिले. ही कथा इंग्रज अमदानीतल्या गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे हे मला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कळले. आजीची गोष्ट जाडजूड इंग्रजी पुस्तकात पाहून मला काय वाटले ते येथे लिहीत नाही.

शास्त्र त्या दगडांविषयी असे सांगते. लाव्हा बाहेर येतो तेव्हा त्यात वायू मिसळलेले असतात. हे वायू वर येऊ पाहतात आणि लाव्हाचा वरचा भाग थिजू लागला की बुडबुड्यांच्या रूपाने तेथेच अडकतात. थंड झालेल्या खडकात त्यांच्या जागी पोकळ्या राहतात. पुढे लाखो वर्षे त्यांतून पाणी झिरपते, पाण्यातली द्रव्ये पोकळीत साचतात आणि त्यांचे स्फटिक होतात. कुठे गारगोटी, कुठे अकीक, कुठे कॅल्साइट, तर कुठे झिओलाइट. भोवतालचा खडक झिजून गेला की आतली ही भरलेली 'सुपारी' मोकळी होऊन खाली पडते. झिओलाइट हे नाव स्वीडनच्या क्रॉन्स्टेट या शास्त्रज्ञाने १७५६ साली दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'उकळणारा दगड' असा होतो, कारण हा दगड तापवला की त्यात धरून ठेवलेले पाणी वाफ होऊन बाहेर पडते. दगडाच्या पोटात पाणी असते ही गोष्ट मला त्या शब्दाने प्रथम पटली.

पांढरकवड्याला चहा झाला. पुढे झरी जामणी तालुक्यातील शिबला-पारडी येथे पोचलो तेव्हा ऊन नुकतेच पडले होते. येथे रस्त्याच्या कामात माती बाजूला झाल्यावर जमिनीतून दगडी खांब उघडे पडले. चंद्रपूरचे अभ्यासक प्रा. सुरेश चोपणे यांनी २०२२ साली हे खांब म्हणजे स्तंभाकृती बेसाल्ट असल्याचे जगापुढे आणले. तोवर तेथून जाणाऱ्या-येणाऱ्यांना ते कोण्या जुन्या देवळाचे किंवा गढीचे अवशेष वाटत असतील तर त्यात नवल नाही. खांब एकमेकांना खेटून उभे आहेत, पुष्कळांना सहा बाजू आहेत, काहींना पाच. कडा इतक्या सरळ आहेत की पाथरवटाची छन्नी लागली आहे असेच वाटते.

हे खांब कोणी घडवले? उत्तर आमच्या प्रत्येकाच्या शेतात आहे. एप्रिल-मे महिन्यात काळ्या रानाला भेगा पडतात. ओली माती वाळताना आक्रसते. आक्रसताना सगळीकडून सारखा ताण बसतो आणि जमीन पाच-सहा कोनांच्या तुकड्यांत फुटते. लाव्हाचेही तसेच. तो बाहेर येतो तेव्हा त्याचे तापमान अकराशे-बाराशे अंश सेल्सियस असते. एखाद्या सखल जागी त्याचा जाड थर साचला आणि सावकाश निवत गेला, तर निवताना तो आक्रसतो आणि तडकतो. तडा पृष्ठभागावर सुरू होतो आणि थंडी जसजशी आत शिरते तसतसा तोही खाली उतरत जातो. मातीत पाणी जाते म्हणून भेग, दगडात उष्णता जाते म्हणून भेग, एवढाच फरक. मुंबईला अंधेरीचा गिल्बर्ट हिल अशाच खांबांचा आहे. तो सुमारे २०० फूट उंच असून १९५२ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. आयर्लंडच्या किनाऱ्यावर 'जायंट्स कॉजवे' नावाची जागा आहे, तेथे असे सुमारे ४० हजार खांब आहेत. एका राक्षसाने समुद्र ओलांडायला तो रस्ता बांधला अशी तिकडची कथा. म्हणजे दगडाची गोष्ट रचणाऱ्या आज्या सगळ्या देशांत असतात.

वहीतल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरांनी येथेच दिले. डोंगर गेला कुठे? डोंगर नव्हताच. भारतात आज जागा असलेला एकच ज्वालामुखी आहे, अंदमानच्या समुद्रातले बॅरन बेट. तो पुस्तकातल्या चित्रासारखा आहे. पण दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला. तो पातळ होता, म्हणून डोंगर न करता पाण्यासारखा पसरला. असा उद्रेक माणसाने पाहिलाच नाही असे नाही. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकी येथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग फुटली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. त्याच्या विषारी वायूंनी गवत मेले, गवताअभावी गुरे मेली आणि मग दुष्काळात त्या देशातली पाचवा हिस्सा माणसे गेली. दख्खनपुढे लाकी म्हणजे नदीपुढे ओहोळ. आपल्याकडे एकावर एक असे कितीतरी थर साचले. सह्याद्रीत त्यांची जाडी २ हजार मीटरच्या वर आहे. पूर्वेकडे येताना ते पातळ होत जातात आणि नागपूर-चंद्रपूरच्या बाजूला संपतात. आपण त्या लाव्हाच्या काठावर राहतो.

थर एकावर एक आहेत, म्हणजे मध्ये काळ गेला आहे. एक थर थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत केव्हा केव्हा इतका अवधी गेला की मध्ये तळी साचली, झाडे वाढली. नागपूरजवळच्या टाकळी येथे दोन थरांमधल्या मातीत अशा जीवांचे अश्म सापडले, त्यांचा अभ्यास रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात केला. आपल्या जिल्ह्यातील नवरगावच्या अशाच थरांत झाडांचे दगड झालेले ओंडके मिळाले आहेत. कुठे दोन थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा दिसतो. आधीच्या थराचा वरचा भाग उन्हापावसाने कुजून माती झाला आणि पुढच्या लाव्हाखाली दडपला गेला, त्याची ती खूण.

हे ऐकताना मी एकदम ताठ झाले. लाल पट्टा मी पाहिला होता.

आता विहिरीविषयी सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. माझे बाबा दुसऱ्यांच्या विहिरी खणायला जातात. सब्बल, घन, सुरुंगाची भोके, यारीने वर येणारा मलबा, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या स्वतःच्या तीन एकरांत विहीर धरली. आठ फूट काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. तो फोडता फोडता अडतीस फुटांवर काम थांबले. विहिरीला पाणी आहे, पण ते डिसेंबरपर्यंतच पुरते. हरभरा एका पाण्यावर निघतो, गहू घेता येत नाही. ज्यांच्या शंभर विहिरींना पाणी लागले त्यांची स्वतःची विहीर कोरडी, असे गावात लोक बोलतात. आमच्या विहिरीत बावीस फुटांवर बोटभर जाडीची लाल रेघ आहे. लहान भाऊ तिला 'कुंकू' म्हणतो.

मी सरांना विचारले, "सर, या खांबांच्या मधून पाणी वाहते का?" सर म्हणाले, "भेगा मोकळ्या असतील आणि एकमेकींना जोडलेल्या असतील तर वाहते. नाहीतर दगड तो दगडच." मग त्यांनी सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले. लाव्हाच्या एका थराचे साधारण दोन भाग पडतात. वरचा भाग बुडबुड्यांचा, ठिसूळ, लवकर झिजणारा. त्याला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात. खालचा-मधला भाग घट्ट, ज्याला आपण काळा पाषाण म्हणतो. मुरमात आणि झिजलेल्या मांजऱ्यात पाणी साठते, काळ्या पाषाणात फक्त भेगांपुरते. लाल माती पाणी धरून बसते पण सोडत नाही, ती बहुधा अडसर होते. म्हणून बेसाल्टच्या मुलखात एका बांधावरच्या विहिरीला पाणी असते आणि दुसऱ्या बांधावरची कोरडी जाते. शेतकरी याला नशीब म्हणतो.

"काळा पाषाण संपला की खाली काय?" मी विचारले.

"त्याच्या खालच्या थराचा माथा. म्हणजे पुन्हा मांजऱ्या असू शकतो."

खांबांचा तुकडा कोणी उचलायचा नाही अशी सरांची सक्त ताकीद होती. ती योग्यच होती. साठ पोरांनी एकेक तुकडा नेला तर पुढच्या वर्षीच्या मुलांनी काय पाहावे? पण वाटेत रस्त्याच्या कडेला गिट्टीचा ढीग होता, त्यातून पांढऱ्या ठिपक्यांचा एक दगड मी पिशवीत टाकला.

उनकेश्वर नांदेड जिल्ह्याच्या किनवट-माहूर भागात, पैनगंगेच्या परिसरात आहे. येथे जमिनीतून गरम पाणी येते, ते कुंडात घेतले आहे आणि लोक त्यात स्नान करतात. त्वचेचे रोग बरे होतात अशी श्रद्धा असल्याने दुरून माणसे येतात. शरभंग ऋषींना कुष्ठ झाले होते, रामाने बाण मारून त्यांच्यासाठी हे पाणी काढले, अशी कथा तेथे सांगतात. गंमत अशी की खानदेशात चोपड्याजवळ उनपदेव आहे, तेथल्या गरम पाण्याचीही हीच कथा आहे. दोन्ही नावांत 'उन' आहे. कोकणातल्या उन्हवरे आणि उन्हाळे या गावांच्या नावांतही तेच आहे, आणि तेथेही ऊन पाणीच आहे. आपल्या पूर्वजांनी भूशास्त्राची परिभाषा केली नसेल, पण गावांची नावे अचूक ठेवली.

कुष्ठाविषयी एक शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण आपण वर्ध्याचे आहोत. सेवाग्रामात परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजींनी स्वतः केली, आणि दत्तपूरचे कुष्ठधाम मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली सुरू केले. तेव्हा या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. आज ते आहे आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. गरम पाण्याने अंग हलके होते, मन प्रसन्न होते, त्याला कोणाची ना नाही. पण चट्टा दिसला तर आधी दवाखाना आणि मग उनकेश्वर, असा क्रम असावा.

आता पाणी गरम का? मागच्या चाचणीत मी उत्तर लिहिले होते, 'दख्खनच्या लाव्हाची उष्णता अद्याप शिल्लक असल्यामुळे.' त्याला गुण मिळाले नव्हते. कारण उघड आहे. साडेसहा कोटी वर्षे कोणती चूल गरम राहते? तो लाव्हा केव्हाच निवाला. पण कोणत्याही ठिकाणी जमिनीत खोल गेले की तापमान वाढते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी. पावसाचे पाणी एखाद्या मोठ्या भेगेतून खूप खोल उतरले तर तेथे तापते, आणि दुसऱ्या भेगेने चटकन वर आले तर निवायच्या आत बाहेर पडते. म्हणजे उनकेश्वरचे पाणीही पावसाचेच आहे. ते फक्त फार लांबून फिरून आले आहे. कुंडाशेजारी उभी राहून मी हात पाण्यात घातला तेव्हा मला याचेच आश्चर्य वाटत होते. माझ्या बाबांना अडतीस फूट खाली जायला एक उन्हाळा आणि कर्ज लागले, आणि हे पाणी कधीचे पाताळात जाऊन परत येत आहे.

वसतिगृहात ज्याला आपण गिझर म्हणतो (आणि जो थंडीत हमखास बंद असतो) तो शब्द आइसलँडचा आहे. तेथे गेसिर नावाचा उसळता झरा आहे, त्यावरून जगातल्या सगळ्या उसळत्या झऱ्यांना तेच नाव पडले. अमेरिकेतील यलोस्टोन येथे 'ओल्ड फेथफुल' हा असाच झरा साधारण दीड तासाने उसळतो. तेथे खाली अजून तप्त खडक आहे. अरुंद नळीत पाणी साचते, वरच्या पाण्याच्या वजनाने खालचे पाणी शंभर अंशांपलीकडे तापले तरी उकळू शकत नाही, आणि शेवटी उकळले की सगळी नळीच आकाशात फेकली जाते. आपल्या महाराष्ट्रात असा उसळता झरा नाही. वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली, तुरळ येथे आहेत ते शांत झरे. आमच्या वर्गातील काही मित्रांना याचे वाईट वाटले. मला नाही वाटले. जेथे पाणी आकाशात उसळते तेथे जमिनीखाली विस्तव जवळ असतो, हे विसरून चालत नाही.

कोणीतरी लोणारचा विषय काढला, की ते तरी ज्वालामुखीचे तोंड आहे ना? नाही. लोणारचे सरोवर सुमारे १.८ किलोमीटर रुंदीच्या विवरात आहे आणि ते विवर आकाशातून पडलेल्या उल्केने केले. खडक ज्वालामुखीचा, पण खड्डा उल्केचा. परीक्षेत हा प्रश्न येतो, म्हणून येथे लिहून ठेवते.

किनवटवरून सहस्रकुंडाला पोचेपर्यंत दुपार कलली. डबे बसमध्येच संपले होते. यवतमाळ आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगा काळ्या खडकावरून खाली कोसळते. पावसाळा संपला असला तरी पाणी भरपूर होते. आवाजामुळे सरांना ओरडून बोलावे लागत होते आणि थोड्या वेळाने त्यांनी बोलणे सोडून दिले. खडक पाण्याने घासून इतका काळा आणि चकचकीत झाला आहे की ओतीव लोखंड वाटावे. जागोजागी खळगे आहेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षे एकाच जागी फिरत राहतात आणि रांजणासारखा खड्डा कोरतात, म्हणून त्यांना रांजणखळगे म्हणतात. कुकडी नदीवरचे निघोजचे रांजणखळगे त्यासाठी प्रसिद्ध आहेत.

धबधबा का होतो हे आता मी पुस्तकाविना सांगू शकते. नदीच्या वाटेत वर कठीण थर आणि खाली मऊ थर असला की मऊ थर आधी झिजतो, कठीण थराची कड अधांतरी राहते, आणि केव्हातरी तुटून पडते. असे होत होत धबधबा दर पिढीला न कळेल इतका मागे सरकत असतो. पण मी पाहत होते ते पाणी नव्हे. मुली फोटो काढण्यात दंग असताना मी बाजूच्या कड्याकडे पाहत उभी होते. वर काठावरची माती, तिच्याखाली मुरूम, मग घट्ट काळा पाषाण, आणि त्याच्या तळाशी एक आडवी ओली रेघ. त्या रेघेवर शेवाळ होते, नेचे उगवले होते आणि थेंब थेंब पाणी गळत होते. वरच्या काळ्या भागावर मात्र टिपूस नव्हता. आमची विहीर कोणी तरी उभी कापून माझ्यासमोर मांडून ठेवावी तसे ते होते. आम्ही काळ्या भागाच्या मध्येच थांबलो होतो.

सरांना मी तो कडा दाखवला. ते म्हणाले, "बरोबर पाहिलेस. पण येथला थर पाहून तुझ्या शेतातले सांगता येणार नाही. तुमच्याकडे लाव्हा पातळ आहे, खाली दुसराच खडकही लागू शकतो. खणण्याआधी जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे जा, ते तपासून सांगतात." हेही मी लिहून घेतले. परतीच्या प्रवासात महागाव, आर्णी, यवतमाळ, कळंब, राळेगाव ही गावे अंधारात येऊन गेली. गाणी झाली, भेंड्या झाल्या. हिंगणघाटला पोचलो तेव्हा दुसरा दिवस सुरू झाला होता.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. बाबांना बोलायला संध्याकाळी सवड मिळाली. मी वही उघडून त्यांना सगळे सांगितले: थर, बुडबुडे, लाल माती, कड्यावरची ओली रेघ. मग पिशवीतला दगड त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला नाही. दुसऱ्या दगडावर एकदा आपटला आणि कान देऊन ऐकले.

"बाई, हा तं मांजऱ्या होय. पाषाण खणखण वाजते, हा बद्द वाजला."

"आपल्या विहिरीतही खाली मांजऱ्या असेल, बाबा."

"हाय ना. शेवटचा सुरुंग लावला तवा खालून आवाज बदलला होता. चार-पाच फूट अजून गेलो असतो तं लागला असता."

"मग थांबले कायले?"

"पैसे सरले होते." थोड्या वेळाने म्हणाले, "त्याच साली तुई अ‍ॅडमिशन होती."

मी वही मिटली. त्यांना तीन वर्षांपासून जे माहीत होते ते शिकायला मी तीन जिल्हे फिरून आले होते. हे त्यांनी कधी सांगितले नाही असे मी म्हटले, तर ते म्हणाले, "तूनं इचारलं कवा?"

भूजल सर्वेक्षणाची गोष्ट मात्र त्यांना नवीन होती. शंभर विहिरी खणलेल्या माणसाला कार्यालयात जाऊन विचारायचे म्हणजे संकोच वाटणे साहजिक आहे. पण आवाज बदलला म्हणजे मांजऱ्या आहे एवढेच कळते, तो किती जाड आहे आणि त्यात पाणी आहे की नाही हे कळत नाही, असे मी म्हटले ते त्यांना पटले. अर्ज मी लिहिला आहे. त्यात बावीस फुटांवरच्या लाल रेघेचा आणि अडतीस फुटांवर बदललेल्या आवाजाचा उल्लेख केला आहे, आणि माहिती देणार म्हणून बाबांचे नाव घातले आहे. कापूस विकला की आम्ही दोघे वर्ध्याला जाणार आहोत.

आजी हे सगळे ऐकत होती. तिने माझा दगड मागून घेतला, बोटांनी पांढरे ठिपके चाचपले आणि हा कोणत्या बाबांच्या डोंगरावरचा म्हणून विचारले. रस्त्याच्या कडेचा आहे असे मी सांगितले. तरी तिने तो पदराने पुसला आणि देवळीत गिरडच्या तीन दगडांच्या शेजारी ठेवून दिला.